गिऱ्हाइकाला बोलू द्या

यात्रेच्या आधीच या चार गोष्टी कानात घालून ठेव, बेटा. एकदा मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताची यात्रा भरली, घोड्यांच्या दावणी लागल्या, की तुला मान वर करायला फुरसत नसते.

तुझा माल चोख आहे. खोगीर, लगाम, तंग, घुंगरांच्या माळा, सगळं हाताखालून गेलेलं. पण हल्ली माणूस दोंडाईच्याला रेल्वेतून उतरायच्या आधीच मोबाइलवर बघतो की सारंगखेड्यात घोड्याचा साज कुठे मिळेल. तिथे तुझं दुकान वर दिसेल की खाली, ते तीन गोष्टींवर ठरतं, असं गूगल स्वतःच सांगतं: शोधलेली वस्तू तुझ्याकडे आहे का, दुकान किती लांब आहे आणि त्याची ख्याती किती. पहिलीसाठी फोन, वेळ, मालाचे फोटो नीट भरून ठेव. अंतराचं तू काही करू शकत नाहीस. उरली ख्याती. किती जणांनी अभिप्राय लिहिला आणि किती तारे दिले, हे त्यात धरलं जातं.

आपल्या बाजारात विकणारा घोड्याचं कितीही कौतुक करो, घेणारा आधी दात बघतो, देवमणाचा शुभ भोवरा शोधतो, चाल बघतो आणि मग शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याला विचारतो. मोबाइलवरचं गिऱ्हाईकही तसंच वागतं.

म्हणून अभिप्राय मागायला लाजू नकोस. पण गर्दीत, पैसे मोजताना मागू नकोस. माणूस गावी पोचू दे, साज घोड्यावर चढू दे. मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठव आणि एवढंच म्हण, "कोणत्या घोड्याला घेतलं, कसं बसलं, ते तुमच्या भाषेत लिहा." गुजराती, हिंदी, मराठी, काहीही चालेल. शब्द तू सांगू नकोस. कुणी 'लग्नाच्या घोडीला साज घेतला' असं लिहिलं, की उद्या तेच शोधणाऱ्याला तुझ्या नावाखाली ते वाक्य दिसू शकतं. नुसत्या 'छान'चा असा उपयोग होत नाही.

आता वाईट अभिप्रायाचं, कारण माणूस तिथेच घसरतो. समजा कुणी लिहिलं, 'तंग आठ दिवसांत उसवला.' तापलेल्या डोक्याने लगेच उत्तर देऊ नकोस, पण चार दिवस लोंबकळतही ठेवू नकोस. लिहायचं असं: 'दादा, तंग उसवला ही आमचीच जबाबदारी. पट्ट्याचा फोटो पाठवा, नवीन तंग कुरिअरने पाठवतो.' आणि खरंच पाठव. घोड्यावर माणूस असताना तंग सुटला तर काय होतं, हे तुला मी सांगायला नको. ते उत्तर त्या एकासाठी नसतं, पुढे येणारे शेकडो जण ते वाचतात. मला तर पाच तारे देणाऱ्यांपेक्षा असं एक नीट निस्तरलेलं गाऱ्हाणं जास्त मोलाचं वाटतं.

घरच्यांच्या मोबाइलवरून तारे टाकायचे नाहीत. 'पाच तारे द्या, शंभर रुपये सूट घ्या' हेही नाही. दोन्ही गोष्टी गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. पकडलं तर असे अभिप्राय काढून टाकतात, नवे येणं काही काळ थांबवतात, दुकानाच्या पानावर तसा इशाराही लावतात. खुशीत असलेल्यांनाच निवडून विचारणंही चालत नाही. सगळ्यांना विचार.

कुणी येऊन म्हणेल, यात्रेतल्या चेतक फेस्टिवलच्या बातम्यांखाली तुझ्या दुकानाची लिंक डकवून देतो, नंबर वर जाईल. पैसे देऊ नकोस. ही युक्ती फार लोकांनी केली, म्हणून २००५ मध्येच गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने अशा लिंकना वजन न देण्याची खूण काढली. लोकांनी लिहिण्याच्या जागांवर ती खूण आता सर्रास असते. बातमीखाली कुणी यात्रेबद्दल खरंच काही विचारलं असेल, तर उत्तर जरूर दे. माणसं त्यातूनही ओळखीची होतात.

आणि एक. तुझे सगळे अभिप्राय डिसेंबरातले आहेत. झूल, नाल, लगाम घोडेवाल्याला बारा महिने लागतात. पार्सल पोचलं की तिथेही विचारत जा, म्हणजे जूनमध्ये बघणाऱ्याला दुकान चालू असल्याचं कळेल.

मागच्या यात्रेतल्या बऱ्याच जणांच्या अभिप्रायांना तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. आज दुकान बंद करण्याआधी ते काढून बस, सगळ्यात जुन्यापासून.