एकट्याची सायकल आणि तिची राखण

स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य, व्यसनमुक्ती अशा मोठ्या विषयांवरचे लेख असतात. त्यांत सायकलचोरीवरचा लेख पाहून काही वाचकांना हसू येईल. परंतु आपल्या वस्तीतून रोज पहाटे किती सायकली बाहेर पडतात याचा जरा विचार करावा. पेपर टाकणारी मुले, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे कामगार, घरोघर दूध पोचविणारे, नागसेनवनात आणि विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी, अभ्यासिकेतून रात्री उशिरा परतणारी स्पर्धा परीक्षेची मुले-मुली. यांतील बहुतेक जण एकटेच जातात आणि एकटेच येतात. सोबत कोणी नसल्यामुळे "जरा सायकल बघ रे, मी आलोच" असे सांगायची सोय त्यांना नसते. चोराला नेमका असाच माणूस हवा असतो.

आम्ही १९९८ साली खेड्यातून या शहरात शिकायला आलो, तेव्हा वडिलांनी त्यांची बावीस इंची काळी दांडीची सायकल एसटीच्या टपावर टाकून दिली होती. खोली ते कॉलेज, कॉलेज ते संध्याकाळची शिकवणी, असा आमचा सगळा दिवस तिच्यावर चालत असे. पुढच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर औरंगपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानासमोर ती उभी केली, मागच्या चाकाचे कुलूप लावले आणि दहा पाने काढून बाहेर आलो. सायकल नव्हती. कुलूप लावले होते म्हणून आम्ही बराच वेळ दुसऱ्याच कोणी चुकून सरकवली असेल अशा समजुतीने आजूबाजूला शोधत राहिलो. चोराने मागचे चाक उचलून धरले असेल आणि पुढच्या चाकावर ढकलत नेली असेल, हे रात्री लक्षात आले.

पोलीस ठाण्यात हवालदारसाहेबांनी तीन प्रश्न विचारले. रंग कोणता? काळा. पावती आहे? नाही. नंबर? सायकलला नंबर असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते. त्या काळी शहरातल्या निम्म्या सायकली काळ्या होत्या. ठाणेदारांचा यात काही दोष नव्हता, हे आज नोकरीत वीस वर्षे कागद हाताळल्यावर आम्हाला कळते. ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू शोधायची तरी कशी?

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. तीन महिन्यांनी बाजारात एका इसमाच्या हातात आमची सायकल दिसली. तोच वाकलेला कॅरिअर, तशीच फाटकी सीट. आम्ही धावत जाऊन हँडल धरले. लोक जमले. तो इसम आमच्या वडिलांच्या वयाचा होता, अंगावर कामाचे मळके कपडे होते. तो म्हणाला, सायकल माझी आहे, आठ वर्षांपासून आहे. आम्ही म्हणालो, माझी आहे. पुरावा त्याच्याकडे नव्हता आणि आमच्याकडेही नव्हता. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि आमचा हात आपोआप सुटला. ती सायकल आमची होती की आम्ही एका गरीब, प्रामाणिक माणसाला भर बाजारात चोर ठरवले, हे आम्हाला आजही सांगता येत नाही.

पुढे बी. ए. झाल्यावर एका फिल्म सोसायटीत इटलीच्या व्हित्तोरियो दे सिका यांचा १९४८ सालचा 'बायसिकल थीव्हज' हा चित्रपट पाहिला. युद्धानंतरचे रोम शहर, भिंतीवर पोस्टर चिकटविण्याची नोकरी आणि नोकरीची अट एकच, सायकल पाहिजे. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. नायक एका पोराला पकडतो, गल्ली जमते, पोलीस येतो. पण साक्षीदार नाही, माल सापडत नाही, आणि नायकाला मान खाली घालून निघावे लागते. शेजारची मंडळी कथा बघत होती. आम्ही तो बाजार बघत होतो.

यातून ध्यानात आलेली गोष्ट अशी. मोटारसायकलीची नोंद आरटीओकडे असते, घराची नगर भूमापन कार्यालयात असते, पैशाची बँकेत असते. सायकलीची नोंद आपल्याकडे कोणीही ठेवत नाही. मोटार वाहन कायदा तिला लागू नाही. फार पूर्वी ठिकठिकाणच्या नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत. कर कोणालाच आवडत नसे, पण त्या निमित्ताने सायकलीचा नंबर सरकारी वहीत चढत असे. तो बिल्ला गेला आणि वहीही गेली. जपानमध्ये सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे ती वही मालकानेच ठेवायची आहे.

ती कशी ठेवावी? प्रत्येक कारखान्याच्या सायकलीवर फ्रेम नंबर ठोकलेला असतो. बहुधा तो पायडलचा कणा ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या खालच्या अंगाला असतो. काही सायकलींवर सीटखालच्या नळीवर असतो. सायकल उलटी करून, डिझेलच्या चिंधीने ग्रीस पुसून तो वाचावा लागतो. अक्षरे आणि आकडे जसेच्या तसे वहीत उतरवावेत, मोबाइलमध्ये फोटो काढावा, एक फोटो पूर्ण सायकलीचा आणि एक स्वतः सायकल धरून उभे असलेला. खरेदीची पावती घेताना दुकानदाराला हा नंबर पावतीवर लिहायला लावावा. तो कंटाळा करील, तरी लावावा. आमच्या एका जुन्या कारागिराने शिकविलेली युक्ती अशी की, नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या दांडीच्या पोकळीत सरकवून ठेवायची. चोर रंग बदलतो, सीट बदलतो, क्वचित नंबरावर कानसही फिरवतो, पण सीटच्या दांडीत डोकावून पाहत नाही.

आता कुलपाविषयी. मागच्या चाकाचे गोल कुलूप फक्त चाक फिरू देत नाही. सायकल उचलून टेम्पोत टाकायला त्याची काही आडकाठी नसते. म्हणून त्याच्या जोडीला साखळी हवी, आणि ती साखळी फ्रेम, चाक आणि जमिनीत रोवलेली एखादी पक्की वस्तू अशा तिन्हींतून गेली पाहिजे. नुसते पुढचे चाक खांबाला बांधणारे आम्ही रोज पाहतो. गिअरच्या नव्या सायकलींत पुढचे चाक एक खिटी उघडली की हातात येते. मग चाक खांबाला राहते आणि सायकल निघून जाते. खांब कमरेइतका बुटका असेल तर साखळीसकट सायकल वरून काढता येते. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये, कारण फरशीवर टेकवून हातोड्याचा घाव घालणे सोपे पडते. आकड्यांचे बारीक तारेचे कुलूप साध्या कटरने तुटते, ते शोभेपुरते समजावे. कोणतेच कुलूप न तुटणारे नसते हे खरे. पण शेजारच्या सायकलीपेक्षा आपली सोडवायला चार मिनिटे जास्त लागली, तर चोर बहुधा शेजारी जातो. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, कारण शेजारची सायकलही कोणा आपल्यासारख्याचीच असते.

"दोन मिनिटांत येतो" या वाक्याने जितक्या सायकली गेल्या असतील तितक्या अंधाराने गेल्या नसतील, असे आमचे मत आहे. चहाची टपरी, झेरॉक्स, मेडिकल, मित्राच्या खोलीचा जिना. पेपर टाकणाऱ्या मुलाचा विचार करा. तो पहाटे एकटा असतो आणि तासा-दीड तासात पन्नास वेळा सायकल सोडून इमारतीत शिरतो. पन्नास वेळा साखळी लावणे त्याला शक्य नाही, तसा उपदेश करणेही बरोबर नाही. परंतु मागच्या चाकाचे कुलूप दाबायला एक क्षण लागतो, आणि त्याची किल्ली कुलूप लावल्यावरच निघते, म्हणून किल्ली खिशात म्हणजे कुलूप लागलेले, ही सवय अंगी बाणवता येते. जिथे तीन-चार मजले चढायचे आहेत तिथे मात्र साखळी लावावी किंवा सायकल वॉचमनच्या नजरेसमोर ठेवावी. पहाटे लेण्यांकडे व्यायामाला जाणाऱ्या मंडळींनाही हेच सांगणे आहे. विद्यापीठामागच्या डोंगरात पायऱ्या चढून वर गेले की खाली ठेवलेली सायकल डोळ्यांआड होते, आणि वर बसून शहर बघण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही.

रस्त्यात एकट्याला गाठून सायकल हिसकावण्याचे प्रकार त्यामानाने थोडे, पण ते जास्त भयंकर. कोणी "दादा, मागच्या चाकात कापड अडकलंय" म्हणाला तर लगेच उतरू नये. पुढे उजेडात, माणसे असतील तिथे जाऊन पाहावे. "एक चक्कर मारून बघू का?" असे विचारणाऱ्या अनोळखी मुलाला सायकल देऊ नये. रात्रपाळीहून परतताना जवळच्या ओसाड वाटेपेक्षा दूरचा वाहता रस्ता बरा. घरी कोणत्या रस्त्याने येणार ते सांगून ठेवावे. कानात गाणी घालून चालवू नये, मागून येणाऱ्याची चाहूल हाच एकट्याचा सोबती असतो. आणि कोणी चाकू दाखवून सायकल मागितली तर द्यावी. झटापट करू नये. तिथून सुरक्षित जागी जाऊन ११२ वर फोन करावा. आमच्या वस्तीतल्या आयांनी हे वाक्य मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे, कारण आठवीतल्या मुलाला सायकल गेल्यावर बापाची जी भीती वाटते, ती चाकूपेक्षा मोठी असते.

कायद्याचा भाग थोडा सविस्तर सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. चोरीची शिक्षा आता कलम ३०३ मध्ये आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. नवख्या पोराला तुरुंगात न घालण्याचा विचार आम्हाला मान्य आहे. परंतु पाच हजारांखालची अशी चोरी नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत अदखलपात्र धरली आहे. म्हणजे पोलीस नोंद घेतील, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकणार नाहीत. आता आपल्या सायकली आठवा. मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. या कार्यक्रमाचे आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. ती रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. ज्या रकमेत एका मुलीची शाळा टिकते, ती रक्कम कायद्याच्या रेषेवर नेमकी उभी आहे, आणि सायकल दोन वर्षे वापरली की रेषेखाली जाते. गरिबाच्या वस्तूची किंमत बाजारभावाने ठरवायची की तिच्यावाचून अडणाऱ्या कामाने, हा प्रश्न कायदे करणाऱ्यांना कोणीतरी विचारला पाहिजे.

तोपर्यंत आपल्या हातात इतकेच आहे की तक्रार नीट लिहावी. पावती जोडावी आणि नंतर बसविलेले टायर, गिअर, डायनॅमो यांची किंमत धरून आकडा खरा लिहावा, भीडेने कमी लिहू नये आणि वाढवूनही लिहू नये. सायकल घराच्या किंवा वसतिगृहाच्या इमारतीच्या आतून गेली असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण राहत्या इमारतीतील चोरीला कलम ३०५ आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि तिथे पाच हजारांची अट नाही. धमकावून किंवा मारून नेली असेल तर ती जबरी चोरी होते, मग सायकल पाचशेची का असेना. दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर कोणत्याही ठाण्यात देता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठविता येत नाही, आणि त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती मागून घ्यावी. ठाण्यात घेतलेच नाही तर लेखी तक्रार टपालाने पोलीस आयुक्तांकडे पाठवावी आणि पोचपावती जपावी.

जुनी सायकल घेणाऱ्यांना एक विनंती आहे. दोन हजारांची सायकल कोणी सातशेला देत असेल तर ती उलटी करून नंबर पाहावा. नंबर खरवडलेला असेल तर हात लावू नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे, त्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि पंचशील घेणाऱ्याला दुसरे शील इथे वेगळे समजावून सांगायला नको. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर नाव, सही, फ्रेम नंबर आणि तारीख लिहून घ्यावी. आमच्या बाजारातल्या त्या इसमाकडे असा एक कागद असता तर त्याला त्या दिवशी रडावे लागले नसते.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका पेपरवाल्या विद्यार्थ्याची सायकल गेली. किंमत तीन हजार दोनशे, त्यामुळे अदखलपात्र नोंदीपलीकडे काही झाले नाही. पण त्याच्या वहीत नंबर होता. तो रोज पेपर टाकून झाल्यावर (शेजाऱ्याची सायकल मागून) एकेका दुरुस्तीच्या दुकानात जाई आणि कारागिराला नंबराची चिठ्ठी देई. तेविसाव्या दिवशी एका कारागिराचा फोन आला. मुलगा आमच्यासारखा हँडल धरायला धावला नाही. त्याने आधी ठाण्यात कळविले, पोलिसांसमोर सायकल उलटी केली, वहीतला नंबर आणि नळीवरचा नंबर शेजारी शेजारी ठेवला. सायकल आणणाऱ्यानेच मुकाट्याने मान्य केले. कॅरिअर गेला होता, पुढचे चाक दुसरेच होते.

त्याच मुलाच्या आग्रहावरून संस्थेच्या अभ्यासिकेत एक रजिस्टर ठेवले आहे. नाव, फ्रेम नंबर, कंपनी, रंग, एखादी खूण, खरेदीची तारीख आणि किंमत, एवढेच रकाने आहेत. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही तिथे बसतो. सायकल घेऊन यावे. नंबर सापडत नसेल तर ती उलटी करायला हात लावू. डिझेलची चिंधी आमच्याकडे असते.