मुष्टिप्रहाराची शक्ती : उपजत की अर्जित?

मुष्टियुद्धाच्या सरावगृहात एक वाक्य नेहमी ऐकू येते : ‘याच्या हातातच ताकद आहे, ती शिकवून येत नाही.’ दोन मुले सारख्या वजनाची असतात, सरावही दोघांनी सारखाच केलेला असतो. तरी एकाच्या ठोशाने बॅग जेमतेम हलते, तर दुसऱ्याच्या ठोशाने ती मध्येच दुमडते. हा फरक खरा आहे. परंतु त्याला ‘उपजत’ असे नाव दिले की विचार तेथेच थांबतो, आणि ज्याचा ठोसा हलका आहे त्या मुलाकडे प्रशिक्षकाचे लक्ष जाणेही थांबते. गुण जन्माने ठरतो, या समजुतीने किती पिढ्यांना शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले हे आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. तथागतांची शिकवण अशी की, जे घडते ते कारणांमुळे घडते. म्हणून कारणे शोधावीत. त्याच दृष्टीने या लहानशा प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ठोसा म्हणजे काय ते पाहू. ब्रिटनचा जगज्जेतेपदाच्या स्पर्धेतील हेवीवेट मुष्टियोद्धा फ्रँक ब्रुनो याच्या ठोशाचे प्रयोगशाळेत मोजमाप करण्यात आले व ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची मूठ आदळताना तिचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर होता. आघाताचे कमाल बल ४,०९६ न्यूटन, म्हणजे चारशे किलोंहून अधिक वजनाच्या भाराइतके भरले. संशोधकांनी या आघाताची तुलना त्याच वेगाने फिरवलेल्या सहा किलो वजनाच्या, गादी लावलेल्या लाकडी हातोड्याशी केली. आता, माणसाच्या मुठीचे वजन एक किलोही नसते. मग उरलेले वजन आले कोठून? आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच प्रश्नात आहे. ते वजन हाताच्या मागे उभ्या असलेल्या शरीराचे होते.

ठोसा हातात जन्म घेत नाही. तो जमिनीतून वर येतो. मागच्या पायाचा चवडा जमिनीला रेटतो, टाच वळते, त्या रेट्याने कंबर फिरते, कंबरेमागोमाग धड, मग खांदा, कोपर आणि सर्वांत शेवटी मूठ. आसूडाच्या मुठीपासून टोकापर्यंत जसा वेग वाढत जातो, तशीच ही साखळी चालते. त्याच १९८५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात या साखळीतील प्रत्येक दुव्याचा वाटा तपासला गेला. वरच्या श्रेणीच्या खेळाडूंच्या ठोशात पायांच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के आणि हाताचा वाटा सुमारे २४ टक्के आढळला. खालच्या श्रेणीच्या खेळाडूंत पायांचा वाटा जेमतेम १७ टक्के, तर हाताचा सुमारे ३८ टक्के होता. नवशिका हाताने मारतो आणि जाणता पायाने मारतो, असा याचा सरळ अर्थ आहे.

दुसरे कारण याहून सूक्ष्म आहे. जोर लावावयाचा म्हणजे सर्व स्नायू आवळावयाचे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आवळलेला हात मंद होतो, कारण एक स्नायू पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढत असतो. कॅनडातील संशोधक स्टुअर्ट मॅकगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, कसलेल्या लढवय्यांचे स्नायू प्रहाराच्या आरंभी आकुंचन पावतात, मध्ये सैल पडतात आणि आघाताच्या क्षणी पुन्हा कडक होतात. मधल्या सैलपणाने वेग मिळतो. शेवटच्या ताठरपणाने मनगट, कोपर, खांदा व धड एकसंध होतात, आणि शरीराचे वजन मुठीमागे उभे राहते. त्या क्षणी मनगट वाकले तर आघात मनगटातच जिरतो.

मग उपजत असे काहीच नाही काय? आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. हातांची लांबी, सांध्यांची ठेवण, मुठीच्या हाडांचा आकार, स्नायूंतील जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंचे प्रमाण यांत आनुवंशिकतेचा मोठा भाग असतो. अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरने विशीत मुष्टियुद्धाला आरंभ केला आणि अवघ्या काही वर्षांत, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, कांस्यपदक मिळवले. २०१९ अखेर त्याच्या ४२ व्यावसायिक विजयांपैकी ४१ नॉकआउटचे होते. त्याची उंची २०१ सेंटिमीटर. परंतु २०१८ मध्ये टायसन फ्युरीशी लढताना त्याचे वजन केवळ ९६ किलो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याहून सुमारे २० किलो कमी होते. अशा देहाची देणगी प्रत्येकाला नसते. मात्र ही देणगी कुळ वा जात पाहून वाटली जात नाही. एकाच घरातील दोन भावांतही ती वेगवेगळी असते.

आता दुसरे उदाहरण पाहू. डेट्रॉइटचा थॉमस हर्न्स हौशी मुष्टियुद्धात १५५ लढती जिंकला, परंतु त्यांतील नॉकआउट सुमारे बाराच. हौशी लढतीत जोरापेक्षा गुणांना महत्त्व असते हे खरे. तरीही तो हलक्या हाताचाच मानला जात असे. क्रॉन्क सरावगृहातील प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी त्याची लढण्याची पद्धत बदलली. १९७७ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि त्याने पहिल्या १७ लढती नॉकआउटने जिंकल्या. पुढे १९८४ मध्ये रोबेर्तो दुरानसारखा चिवट योद्धा त्याच्यापुढे दुसऱ्या फेरीत कोसळला. हात तेच होते, त्यांची लांबीही तीच होती. त्या लांबीचा उपयोग करण्याची विद्या तेवढी नंतर मिळाली. त्याला पाहून कोणी ‘उपजत’ म्हटले असते, तर स्टुअर्ड यांचे श्रम आणि शिष्याचा घाम दोन्ही त्या एका शब्दाखाली झाकले गेले असते.

अनेकदा ‘उपजत’ म्हणजे आपल्या डोळ्यांआड झालेली तालीमच असते. जॅक डेम्प्सी जगज्जेता होण्यापूर्वी खाणींत राबत होता. आपल्या वसतिगृहांत येणारी मुलेही रिकाम्या देहाने येत नाहीत. कोणी लाकडे फोडलेली असतात, कोणी उसाच्या मोळ्या उचललेल्या असतात, कोणी डोक्यावरून पाणी वाहिलेले असते. कुऱ्हाड चालवताना पाय रोवून कंबर फिरवावी लागते आणि घाव बसताना मनगट घट्ट धरावे लागते. असा मुलगा पहिल्याच दिवशी जोरदार ठोसा मारतो तेव्हा त्यात त्याच्या कष्टाचाही वाटा असू शकतो. सारे श्रेय जन्माला देण्याआधी एवढे तरी विचारावे.

प्रशिक्षकाने काय करावे, हे यावरून स्पष्ट होते. हलक्या हाताच्या मुलाला आधी वजने उचलावयास न लावता उभे राहणे शिकवावे. मागची टाच वळते की नाही ते पाहावे. हळू, सैल व अचूक ठोशांचा सराव द्यावा. मेडिसिन बॉल कंबरेच्या वळणाने फेकावयास सांगावे. बॅगवर मनगट सरळ राहते ना, याची खात्री करावी. वेग आणि बळ यांची भर त्यानंतर घालावी.

याबरोबर एक सावधगिरीही हवी. सर्वांत घातक ठोसा तो, जो समोरच्याला दिसत नाही. कारण तेव्हा मानेचे स्नायू सज्ज नसतात, डोके झटक्याने फिरते आणि मेंदूला इजा होते. हेडगार्डमुळे जखमा कमी होतात, परंतु मेंदूचे हे फिरणे थांबत नाही. म्हणून शालेय वयात डोक्यावरील प्रहारांचा सराव कटाक्षाने टाळावा. डोक्याला मार लागून भोवळ आलेल्या मुलाने डॉक्टरांनी अनुमती दिल्याखेरीज पुन्हा रिंगमध्ये उतरू नये. करुणेवाचून मिळवलेले बळ आपल्या संस्थेच्या शिकवणीत बसत नाही.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रहाराची शक्ती काही अंशी देहाबरोबर येते. परंतु पायांचा रेटा, कंबरेचे वळण, स्नायूंचा सैलपणा, मनगटाची शिस्त आणि क्षणाची जाण ही शिकता येणारी कारणे आहेत. शिक्षकाच्या हाती जन्म नसतो. ही कारणे मात्र असतात. ज्या मुलाच्या ठोशाने आज बॅग हलत नाही, त्याच्या टाचेकडे उद्या सकाळी कोणी तरी वाकून पाहावे, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.