दाराची चौकट : आधी माप, मग भिंत

शाळेची खोली, अंगणवाडी किंवा ग्रामपंचायतीचे कार्यालय बांधावयाचे ठरले की भिंती व छप्पर यांची पुष्कळ चर्चा होते. दाराची चौकट मात्र सुताराच्या अंदाजावर सोपविली जाते. चाकाच्या खुर्चीतून येणारा विद्यार्थी दारात अडला म्हणजे चूक ध्यानात येते. पण तोवर भिंत उभी राहिलेली असते.

प्रकार

उंबरठ्यासह चारही बाजू असलेली चौकट ही आपली जुनी पद्धत. उंबरठा पाणी अडवितो व दोन्ही बाह्या जागच्या जागी धरून ठेवतो. बिनउंबरठ्याच्या चौकटीस दोन बाह्या व वरची आडवी पट्टी एवढेच असते. सार्वजनिक इमारतीस हीच योग्य होय. मात्र ती बसविताना खाली तात्पुरती फळी ठोकून बाह्यांतील अंतर कायम राखावे.

साहित्य

सागवान टिकाऊ खरे. पण सालीलगतच्या फिकट लाकडास वाळवी लवकर लागते. ओले लाकूड वाळताना आकसते, पिळवटते व पल्ला अडू लागतो. भिंतीकडील बाजूस चौकट बसविण्यापूर्वीच डांबर लावावे. पोलादी चौकटीस वाळवीचे भय नाही. कोकणातील दमट, खाऱ्या हवेत मात्र तिला गंजापासून जपावे लागते.

माप

खरी गफलत येथेच होते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार दारातून जाण्यास किमान ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी हवी. समजा, भिंतीत १००० मिलिमीटरची जागा ठेवली. दोन्ही बाजूंस ५-५ मिलिमीटर फट सोडता चौकट ९९० ची होते. ६० मिलिमीटरच्या दोन बाह्या वजा जाता ८७० उरतात. उघडलेल्या पल्ल्याची जाडीही त्यातलीच काही जागा घेते. म्हणजे ‘एक मीटरचे दार’ प्रत्यक्षात अपुरे पडते. भिंतीत ११०० मिलिमीटर जागा ठेवल्यास ही अडचण राहत नाही.

ताब्यात घेताना

चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे असे समजावे. बाह्या ओळंब्यात आहेत का, प्रत्येक बाहीस तीन होल्डफास्ट आहेत का, हे गिलाव्यापूर्वी पाहावे. या तपासणीस एक टेप, एक ओळंबा आणि काही मिनिटांचा वेळ पुरतो. पंचायत सदस्यांनी व मुख्याध्यापकांनी तेवढे केले, तर गावातील कोणालाही शाळेच्या दारातून माघारी फिरावे लागणार नाही.