माझं एकदा बघतेस का?

चि. सोनू हिस,


परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, वॉर्डात काही अडलं तरी विचारायची भीती वाटते. सिस्टर ओरडतील, बरोबरच्या मुली हसतील." तेव्हापासून तुझा बारीक झालेला आवाज कानातून जात नाही.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. एका आजोबांना 20 युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. घरच्यांनी बाहेरून आणलेली बाटली मिलिलिटरला 100 युनिटची आणि माझ्या हातात लाल टोपणाची, मिलिलिटरला 40 च्या मापाची सिरिंज. 20 च्या रेघेपर्यंत भरूनही झालं होतं. शेजारच्या बेडवर बीपी घेणाऱ्या माझ्या रूममेटने लेबल वाचलं आणि माझं मनगटच धरलं. 20 ऐवजी 50 युनिट गेलं असतं, अडीचपट! तिने चारचौघांत गवगवा केला नाही. इनचार्ज सिस्टरांना सांगायला माझ्याबरोबर आली. बोलणी बसली, पण आजोबा सुखरूप राहिले. पुढे आम्ही नेमच केला: इंजेक्शन भरलं की बाटली दुसरीला दाखवायची, पेशंटचं नाव आणि डोस मोठ्याने वाचायचा.

मात्र सोबत म्हणजे झाकाझाक नव्हे. मैत्रीण दमली म्हणून तिच्या पेशंटचा टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट अंदाजाने भरू नकोस; तिच्याऐवजी तू जाऊन मोज. कुणाला वापरलेली सुई टोचली आणि ती "सांगू नकोस गं" म्हणाली, तर ऐकू नकोस. जागा साबण-पाण्याने धुवायला लाव, पिळू देऊ नकोस आणि हाताला धरून कॅज्युअल्टीत ने. एचआयव्ही टाळण्याची औषधं लागलीच तर ती 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. भीतीपोटी गप्प बसण्यात तेच तास जातात.

आणि एक. पहिल्यांदा पेशंट गेल्यावर, त्याची शेवटची आवराआवर करून आलेली मुलगी मेसमध्ये ताटासमोर नुसती बसून राहील. तिला समजावत बसू नकोस. शेजारी बस, तिच्याबरोबर दोन घास खा. त्या रात्री तिला एकटी झोपू देऊ नकोस. तुझ्यावर ती वेळ आली, तर तूही एकटी राहू नकोस.

उद्या ड्यूटीवर इंजेक्शन भरलंस की शेजारच्या मुलीला तूच आधी विचार, "माझं एकदा बघतेस का?" कुणी हसेल ही भीती तिलाही आहे. कुणीतरी आधी विचारायला हवं. ती तू हो.

तुझी,
मावशी