माणसांची मोजदाद

बालमित्रांनो, कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसले म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. आज ही गजबजलेली शहरे आहेत. परंतु हा मुलूख मूळचा भातशेतीचा. मृगात पेरणी, आषाढात लावणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी, हाच येथील वर्षाचा क्रम असे. मग एवढी माणसे आली कोठून?

अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 चे, म्हणजे इ. स. 1060 चे आहे. पण गावाचे शहर झाले ते विसाव्या शतकात. तेथे आगकाड्यांचा कारखाना निघाला, पुढे आयुध निर्माणी आली, आणि हंगामावर जगणाऱ्या गावात महिन्याचा पगार मिळू लागला.

उल्हासनगरची कथा निराळी. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्करी छावण्या होत्या. 1947 साली देशाची फाळणी झाली आणि घरदार गमावलेल्या सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या नगराची कोनशिला बसविली. रिकाम्या हातांनी आलेल्या त्या लोकांनी लहानसहान धंदे काढले आणि स्वकष्टाने मोठी बाजारपेठ उभारली.

आता जनगणनेचे आकडे पाहू. 2001 ते 2011 या दहा वर्षांत उल्हासनगरची वस्ती 4 लाख 74 हजारांवरून 5 लाख 6 हजारांवर गेली. अंबरनाथची 2 लाख 4 हजारांवरून 2 लाख 53 हजारांवर. तर कुळगाव-बदलापूरची 98 हजारांवरून 1 लाख 74 हजारांवर! म्हणजे वाढ अनुक्रमे शेकडा सुमारे 7, 24 आणि 78. असे का व्हावे? उल्हासनगरचे क्षेत्र अवघे 13 चौरस किलोमीटर. तेथे मोकळी जागा फारशी उरली नव्हती. मुंबई-ठाण्याची घरे ज्यांना परवडेनात, ते नोकरदार रेल्वेच्या आधाराने बदलापुराकडे वळले.

वस्ती वाढली, पैसाही आला. पण तो सर्वांच्या घरी सारखाच गेला काय? शेत दरवर्षी धान्य देते. विकलेल्या शेताची किंमत मात्र एकदाच हाती येते. जवळच्या डोंगरपायथ्याशी ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. शेजारी इमारती उठल्या, म्हणून तेथील मजुराची चूल आपोआप पेटत नाही. एका घरात रोज शंभर रुपये येतात आणि दुसऱ्यात दहा, तर सरासरी पंचावन्न निघते. पण पंचावन्न मिळविणारे घर त्या दोहोंत एकही नाही! म्हणून सरासरी वाचताना तिच्यामागची घरेही पाहावीत.

या तीन गावांत आज मराठी, सिंधी, हिंदी अशा अनेक भाषा कानी पडतात. कोणी दोन पिढ्यांपूर्वी आला, कोणी काल आला, तर कोणी पिढ्यान्‌पिढ्या येथलाच. काल ज्याला आसरा मिळाला, त्याने आज येणाऱ्याला परका म्हणू नये. आणि ज्यांच्या जमिनीवर हे नगर वसले, त्यांना कोणीच विसरू नये. जनगणनेत प्रत्येक माणूस एकच मोजला जातो. त्याची किंमतही तितकीच सारखी मानणे, हे आपले काम आहे.

स्वाध्याय
1. बदलापूरची वस्ती अधिक वेगाने का वाढली?
2. सरासरीवरून कोणती गोष्ट कळत नाही?
3. तुमच्या घराण्याचे मूळ गाव कोणते? तेथून कोण, केव्हा व का निघाले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.