सात शब्दांची गोष्ट

सन २००९ च्या जून महिन्याच्या ४ तारखेस अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा ह्यांनीं मिसर देशांतील कैरो विद्यापीठांत मुसलमान जगास उद्देशून भाषण केलें. लोकसत्ता व धर्मस्वातंत्र्य हे विषय त्यांत होते. एका राष्ट्रानें दुसऱ्यावर राज्यपद्धति लादूं नये, असें ते म्हणाले. आणि लहानपणीं इंडोनेशियांत राहत असतां, बहुसंख्य मुसलमानांच्या त्या देशांत ख्रिस्ती लोक मोकळेपणानें उपासना करितांना आपण पाहिले, अशी साक्ष त्यांनीं दिली. पाहुणा गोडच बोलणार! म्हणून त्या साक्षीची परीक्षा इंडोनेशियाच्याच इतिहासावरून करूं.

सन १९४५ च्या जून १ रोजीं तेथील पुढारी सुकार्णो ह्यांनीं भावी राज्याचीं पांच तत्त्वें मांडिलीं. त्यांस ते पंचशील म्हणत. हा शब्द संस्कृतांतूनच तिकडे गेलेला आहे. ईश्वरावरील श्रद्धा हें त्यांतील एक तत्त्व. पुढें जून २२ रोजीं नऊ जणांच्या समितीनें घटनेची प्रस्तावना लिहिली. तींत आठ मुसलमान व मारामिस नांवाचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते. ईश्वरश्रद्धेच्या तत्त्वास तेथें सात शब्द जोडिले गेले. त्यांचा अर्थ असा कीं, इस्लामाच्या अनुयायांवर शरियत पाळण्याचें बंधन राहील.

वरवर पाहतां ह्यांत इतरांचें कांहीं जात नव्हतें. तथापि मोलुक्का बेटांतील प्रॉटेस्टंट सभासद लातुहारहारी ह्यांनीं जुलै महिन्यांत हरकत घेतली, आणि आमच्या मतें ती रास्त होती. सरकार जेव्हां एका धर्माचें आचरण आपल्या हातीं घेतें, तेव्हां इतर धर्मांचे लोक आपल्याच घरीं पाहुणे होतात. आणि खुद्द त्या धर्माच्या माणसाची भक्तीहि शिपायाच्या धाकाची होते. त्या वेळीं हरकत मान्य झाली नाहीं.

आगस्ट १७ रोजीं स्वातंत्र्य जाहीर झालें. त्याच दिवशीं सायंकाळीं जपानी आरमाराचा एक अधिकारी महंमद हात्ता ह्यांजकडे आला. हे शब्द राहिल्यास पूर्वेकडील बेटांतील ख्रिस्ती लोक नव्या राज्यांत येणार नाहींत, असें त्यानें कळविलें. हात्ता हे श्रद्धाळू मुसलमान. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं मुसलमान पुढाऱ्यांशीं थोडा वेळ मसलत केली, आणि सातहि शब्द गाळण्यांत आले. अध्यक्ष मुसलमानच असावा ही अटहि गेली. कित्येक मुसलमानांस ह्याचें फार वाईट वाटलें. ते शब्द परत घालावे अशी मागणी वारंवार झाली, परंतु सन २००२ मध्येंहि ती मान्य झाली नाहीं.

तेव्हां ओबामांची साक्ष खोटी नव्हे. पण अपुरी खरी. सन २००६ च्या नियमान्वयें नवें प्रार्थनामंदिर बांधावयाचें तर ९० उपासकांचीं नांवें व आसपासच्या ६० रहिवाशांचा पाठिंबा लागतो. सन २०१७ च्या मे महिन्यांत जाकार्ताचे ख्रिस्ती गव्हर्नर बासुकी पुर्नामा ह्यांस धर्मनिंदेच्या आरोपावरून दोन वर्षांची कैद झाली. त्याच शहरांतील इस्तिकलाल नांवाच्या प्रचंड मशिदीचा आराखडा मात्र सिलाबान नांवाच्या ख्रिस्ती शिल्पकाराचा आहे.

उपदेशक बंधूंनीं पुढील सभेंत मंडळीस असें विचारावें: गांवांत बहुमत आपलें असतें, आणि दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यास आपलें प्रार्थनास्थळ बांधावयाचें असतें, तर त्याच्या कागदावर आपण ६० जणांनीं सह्या दिल्या असत्या काय?