बोलीभाषा आणि वर्गातील मौन

पहिलीच्या वर्गात अवयवांचा पाठ चालू असता शिक्षक चित्रावर बोट ठेवून विचारतात, "हे काय?" मूल उत्तर देते, "डोरा." मागून हसू फुटते, शिक्षक "नीट बोल" म्हणतात आणि मूल खाली बसते. पुढे कित्येक दिवस ते तोंड उघडत नाही. उत्तर तर बरोबर होते. तथापि मूल मंद आहे असा ग्रह होतो, आणि शाळा सुटण्याची सुरुवात पुष्कळदा येथूनच होते.

भंडारा जिल्ह्यात व त्याच्या पूर्व-दक्षिणेस बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र', 'ण'चा 'न' आणि 'श'चा 'स' होतो. डोरा, पानी, सेत ही रूपे आळसाने नव्हे, नियमाने झालेली आहेत. वऱ्हाडात हाच 'ळ' 'य' होतो. तिकडून बदलून आलेल्या गुरुजींच्या घरी 'डोया' म्हणत असतील, हेही ध्यानात असावे! शुद्धलेखन तपासताना या अक्षरांच्या चुका वेगळ्या मोजाव्यात. फळ्यावर 'डोरा' व 'डोळा' शेजारी लिहून, पहिला शब्द घरचा व दुसरा पुस्तकातला असे सांगावे आणि 'ळ'चा सराव घ्यावा. ग्रंथभाषा मुलाला यावयासच हवी. तीत सूट देणे हा त्याच्यावर अन्यायच होय. मात्र आधी उत्तर स्वीकारावे, उच्चाराकडे मागाहून वळावे.

ज्या घरांत गोंडी बोलतात तेथील अडचण निराळी. गोंडी ही द्राविड कुळातील, तेलुगूची नातलग. तिच्यात एकवचनी क्रियापदाचे एक रूप पुरुषांसाठी, तर दुसरे स्त्रिया, जनावरे व वस्तू या सर्वांसाठी असते. 'मुलगी पडली, दगड पडला, झाड पडले' हा तीन लिंगांचा पसारा त्या मुलाला अगदी नवा. चुकण्याच्या धास्तीने ते मान खाली घालून उभे राहते. वडीलधाऱ्यांपुढे असे उभे राहणे हा पुष्कळ घरांत विनय समजतात. वर्गात त्यालाच हट्ट म्हटले जाते.

भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे संविधानाच्या १९५६ मधील सातव्या दुरुस्तीने सांगितले. पण गोंडी जाणणारा शिक्षक प्रत्येक शाळेस लाभत नाही. अशा ठिकाणी शिक्षकाने पाणी, भूक, दुखणे, घर, ये, बस अशा रोजच्या पंधरा-वीस शब्दांची गोंडी रूपे पालकांकडून विचारून देवनागरीत उतरवून घ्यावीत, आणि उच्चार त्या मुलाकडूनच सुधारून घ्यावेत.